आधी साधं पाणी

काकांचा धंदा पुसण्याचा होता आणि स्वभाव न पुसण्याचा. नावडे-तळोजा भागातल्या लहान छापखान्यांच्या स्क्रीन ते अशा धुऊन देत की मागचं काम कुठलं होतं ते मालकालाही सांगता येऊ नये. आणि कोणत्या लग्नात कोणी आपल्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं, हे मात्र त्यांना भाजीच्या चवीसकट आठवत असे. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. "धंदा वेगळा, घर वेगळं," एवढंच ते म्हणत.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडिलांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. अण्णा बेलापूरला सरकारी कचेरीत होते, काका तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीच्या लोकांनी रिक्षा घेतल्या, वडापावच्या गाड्या टाकल्या. काकांनी भोईरशेठच्या छापखान्यामागची मोरीसारखी खोली धरली आणि स्क्रीन धुवायला सुरुवात केली. स्क्रीन म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून बसवलेली बारीक जाळी. मजकूर त्या जाळीवर उतरवतात. जिथे अक्षर तिथे जाळी मोकळी, बाकी सगळी रंगीत थराने बुजलेली. वरून शाई ओढली की मोकळ्या जागेतून ती कागदावर उतरते. छापून झालं की तो थर काढून जाळी पुन्हा कोरी करावी लागते. हे काम कोणालाच आवडत नाही, कारण छापलेलं कौतुकाने दाखवता येतं. धुतलेलं दाखवायचं म्हणजे काहीच नसलेलं दाखवायचं. काकांना ते फार आवडे. कोरी जाळी उजेडाकडे धरून ते म्हणत, "बघ. काहीही नाही!" मी मान डोलवत असे. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. दर महिन्याच्या शेवटी शाळेतली जुनी वर्तमानपत्रं त्यांना शाई पुसायला नेऊन देणं हे माझं काम होतं, आणि काहीही नसलेलं पाहून येणं हे त्यातलंच.

त्यांच्या धुण्याचा क्रम ठरलेला होता. आधी साधं पाणी. मग थर सोडवणारं औषध. मग पुन्हा पाणी, आणि तरी डाग राहिलाच तर शेवटी जाळणारं कॉस्टिक. नवीन कारागीर आल्या आल्या कॉस्टिकच्या डब्याला हात घाले. काका त्याच्या हातातून डबा काढून घेत आणि सावकाश सांगत, "आधी साधं पाणी. निम्मं त्यानंच जातं. जे पाण्यानं जाईल त्याला जाळायचं कशाला?" भोईरशेठना हे वाक्य पाठ झालं होतं. गिऱ्हाईक तणतणत आलं की ते त्याच्यापुढे पेला ठेवत आणि काकांकडे बघत म्हणत, "आधी साधं पानी."

कितीही धुतलं तरी काही जाळ्यांवर मागच्या कामाची फिकट सावली राहते. धंद्यात तिला भूत म्हणतात. छापताना सहसा ती उमटत नाही, पण एकदा उमटली. एका सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलनी भोईरशेठकडूनच पत्रकं छापून घेतली, आणि दुसऱ्या पॅनेलच्या पिवळ्या पट्ट्यात पहिल्या पॅनेलच्या उमेदवाराचा चेहरा अंधुक हसू लागला. उमेदवार गठ्ठा घेऊन आला. "काका, हे काय टेन्शन दिलंत? माझ्या नावाखाली तो हसतोय!" काकांनी पत्रक लांब धरून पाहिलं. "साहेब, निवडून आल्यावर तुम्ही दोघं एकाच टेबलाला बसून गच्चीच्या गळतीवर चर्चा करणार. मी थोडं आधी बसवलं." तो माणूस हसला नाही. पण काका मनातून खजील झाले असावेत, कारण ती जाळी त्यांनी तीनतीनदा धुतली.

घरातल्या भुतांना मात्र त्यांनी कधी औषध लावलं नाही. कारखान्याच्या निरोप समारंभात आपल्याआधी स्टोअरकीपरला हार घातला, हे ते वीस वर्षांनीही काल घडल्यासारखं सांगत. आत्याच्या घरी वास्तुशांतीला त्यांना खुर्ची मिळाली, पण ती प्लॅस्टिकची होती. लाकडी खुर्चीवर कोण बसलं होतं हे त्यांना माहीत होतं. हे सांगताना त्यांचा आवाज चढत नसे. उलट एखादा जपून ठेवलेला दागिना दाखवावा तसा तो हळुवार होई.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तोच पुढे माझ्या मुळावर आला. लग्नपत्रिकेची स्क्रीन लग्न लागेपर्यंत धुवायची नाही. भोईरशेठच्या गावाकडच्या पत्रिकांवर नावंच इतकी असत की एखादं राहिलंच तर पुन्हा छापावं लागे. "आमचे पत्रिकेन अर्धा गाव असतंय," भोईरशेठ म्हणत. "उरलेला अर्धा भांडायला येतंय." म्हणून स्क्रीन राखून ठेवायची हे व्यवहाराला धरून होतं. पण काकांनी त्याला शास्त्राचं रूप दिलं. अक्षता पडल्याशिवाय पाणी नाही. लग्नसराईत चौकटी कमी पडत, कारागीर हात जोडत, तरी काका आधी फोन करून विचारत, "लागलं का लग्न?" लागलं असं कळलं की नळ सोडत.

माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका भोईरशेठकडेच छापायची, हा काकांचा हट्ट. मजकूर अण्णांनी लिहिला. कागदावरची पहिली प्रत अण्णांनी तीनदा तपासली आणि ठीक आहे म्हणून परत पाठवली. जाळीवर मजकूर उतरवल्यावर त्यात कुठे कुठे बारीक भोकं राहतात. तिथून शाई झिरपली तर कागदावर ठिपके पडतात. म्हणून चौकट उलटी करून ती भोकं आणि चारी कडा ब्रशने निळ्या रंगाच्या फिलरने बुजवून घेतात. हे काम एरवी कारागीर करत. माझ्या पत्रिकेला काकांनी कोणालाही हात लावू दिला नाही. चष्मा कपाळावर चढवून ते स्वतः बसले. जवळचं मला चष्म्याशिवाय दिसतं, अशी त्यांची समजूत होती. "माझ्या पुतणीच्या पत्रिकेवर एक ठिपका पडता कामा नये."

एकही पडला नाही. पहिली पत्रिका देवापुढे ठेवून अण्णा आणि आई दुसरी घेऊन नावड्याला काकांच्या घरी गेले. मीही बरोबर होते. काकांनी आता मात्र चष्मा नाकावर घेतला आणि पत्रिका मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कुलदैवत झालं, माझं नाव झालं, मुहूर्त झाला, निमंत्रकांत आत्या झाली, दोन्ही मामा झाले. मग ते थांबले. पत्रिका उलटी करून पाहिली; मागे काही नव्हतं. काका म्हणून त्यांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी पत्रिका घडी करून पाकिटात घातली आणि म्हणाले, "अण्णा, चहा घ्या."

आयुष्यभर ते अण्णांना "घे" म्हणत आले होते.

अण्णांनी पुष्कळ सांगितलं. मी लिहिलं होतं, तपासलेल्या कागदावर होतं, कुठे गळलं कळत नाही. काका म्हणाले, "तो कागद दाखवा." तो कागद रद्दीत गेला होता. दुसऱ्या दिवशी काकांनी छापखान्यात जाऊन ती स्क्रीन उजेडाकडे धरली. तिच्यातही नाव नव्हतं. झालं. "जाळी खोटं बोलत नाही," असा निरोप त्यांनी माझ्याबरोबर पाठवला. अण्णांनी नवीन पत्रिका छापतो म्हणून सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "मागून घेतलेलं आमंत्रण आम्ही घेत नाही." लग्नाला काकू आल्या, आहेर घेऊन. काका आले नाहीत.

लग्न झालं, पण ती स्क्रीन काकांनी धुतली नाही. शाई तेवढी पुसली आणि चौकट मोरीच्या खिडकीच्या गजांना तारेने बांधून टाकली. भोईरशेठनी आठवण केली, "काका, लगीन लागलं ना पोरीचं? मंग पानी मारा की." काका म्हणाले, "लागलं असेल. मला कळवलेलं नाही." त्यांचा नियम त्यांनी सोडला नव्हता. त्यांच्या लेखी लग्न अजून लागायचं होतं. माझी मुलगी चौथीत गेली तरी नावड्याच्या त्या खोलीत माझं लग्न प्रलंबितच होतं.

दुपारी ऊन खिडकीत आलं की मोकळ्या अक्षरांतून ते खाली उतरे आणि ओल्या फरशीवर माझी पत्रिका पडे. शुभमुहूर्त मोरीच्या तोंडाशी. मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवताना स्वतःच्या नावावर पाय पडू नये म्हणून बाजूने चालत असे. येणाऱ्या प्रत्येकाला काका ते दाखवत. "वाचा. आमच्या सख्ख्या पुतणीची पत्रिका. आता यात काका शोधा." समोरचा माणूस शोधे, सापडत नसे. मग काका मान हलवत आणि न चुकता पुढचं वाक्य म्हणत, "पण छपाई बघा! एक ठिपका नाही. ते काम माझं."

घरच्या कार्यात दोघे भाऊ समोरासमोर येत आणि मला मधे बसवत. "त्यांना म्हणावं, मठ्ठा चांगला आहे." "त्यांना म्हणावं, मी घेतला." दोघांच्या पानात हातभर अंतर असे. माझी मुलगी लहानपणी समजत असे की दोन्ही आजोबांना ऐकू कमी येतं.

अण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली की हे असंच राहून जाईल. काका रोज दवाखान्यात येत, पण वर येत नसत. खाली औषधांच्या दुकानाजवळच्या बाकावर बसत. "कसे आहेत तुझे वडील?" असं विचारत आणि डबा हातात देत. "मोसंबी आहे. कोणी दिली सांगू नकोस." डबा उघडला की आत सोललेल्या फोडी असत. एकीवरही पांढरी शीर नसे. अण्णांनी पहिली फोड उचलून उजेडात धरली. "बाळ खाली बसलाय का?" सत्तरीला आलेल्या काकांना बाळ म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. अण्णांनी डबा संपवला. "खाल्ली म्हणून सांगू नकोस. चढून बसेल."

मी खाली जाऊन रिकामा डबा दिला. काकांनी तो उघडून आत पाहिलं आणि पिशवीत ठेवला. पुढचं पाऊल कोणीच टाकलं नाही. त्यांचं चाललं होतं ते बघताना मला वाटे, यांच्यातला एक जण गेल्यावर दुसरा निरोप कोणाकडे देईल?

पुढे भोईरशेठनी धुण्याच्या खोलीसाठी प्रेशरचा नवा पंप घेतला. त्या दिवशी मी गठ्ठा घेऊन गेले होते. पंपाला हार घातला होता, नारळ फुटला होता. भोईरशेठ पांढऱ्या कडक कपड्यांत उभे होते. काकांचा पंपावर विश्वास नव्हता. "पाण्याला एवढा राग कशाला?" ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. नळी हातातून निसटली. ती सापासारखी उसळली, आधी भोईरशेठच्या छातीवर, मग वर्तमानपत्रांवर, मग भिंतीवर, आणि कोणी बटण बंद करेपर्यंत खिडकीवर. सगळं शांत झालं तेव्हा गजांना बांधलेल्या चौकटीच्या खालच्या कडेतून निळं पाणी ओघळत होतं.

"गेली का पोरीची पत्रिका?" भोईरशेठ शर्ट पिळत म्हणाले.

पत्रिका गेली नव्हती. अक्षरांभोवतीचा जांभळा थर साध्या पाण्याने सुटत नाही. सुटला होता तो खालच्या कडेला फिरवलेला निळा फिलर. ऊन नेहमीसारखं फरशीवर उतरलं होतं. माझं नाव होतं, मुहूर्त होता, आत्या, मामा. आणि त्यांच्या खाली एक ओळ वाढली होती. काकांचं नाव. पुढे श्री., मागे आडनाव, एकही काना-मात्रा न मोडता.

काका खाली वाकले. चष्मा कपाळावर होता तो नाकावर घेतला. मग भोईरशेठच हळूच म्हणाले, "काका, त्या दिशी बरश कोनाचे हातान व्हता?"

काकांनी चौकटीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आधी साधं पानी, तुमीच सांगता ना? एवडी वर्षं एक तांब्या मारला असतात तर?"

"तुम्ही कपडे बदला," काका म्हणाले. "सर्दी होईल."

मला वाटलं, आता ते रडतील किंवा मला सांगतील की चल बेलापूरला. मी त्यांना पुरती ओळखत नव्हते. त्यांनी ओले हात वर्तमानपत्राला पुसले, माझा फोन मागितला आणि अण्णांना लावायला सांगितला. पलीकडून आवाज येताच ते गरजले, "अण्णा, तू मला मामांच्या खाली घातलंस?"

एवढ्या वर्षांनी ऐकलेलं ते पहिलं वाक्य अण्णांना कळायला एक क्षण लागला असावा. मग तेही चढले. मला फोन कानाशी धरायची गरज पडली नाही. सगळं खोलीभर ऐकू येत होतं.

"घरचं माणूस शेवटीच असतं! पाहुण्यांना आधी वाढतात!"

"मग वर घातलं असतंस तर त्याच्यावर ब्रश फिरला असता का?"

"कसला ब्रश?"

"फिलरचा."

"कोणी फिरवला?"

काकांनी खिडकीकडे पाहिलं. "तो मुद्दा नाही," ते म्हणाले.

पलीकडून अण्णांचं हसणं आलं, खोकला मिसळलेलं, थांबता थांबेना. काका फोन धरून उभे होते. "हसू नकोस," ते म्हणाले. "टाके ओढले जातील." टाके निघून कितीतरी महिने झाले होते.

त्याच आठवड्यात अण्णा नावड्याला आले. स्क्रीन रीतसर धुवायची ठरली. काकूंनी तांदळाला कुंकू लावून आणलं. भोईरशेठनी दाराशी उभं राहून "सावधान" म्हटलं, अक्षता पडल्या आणि काकांनी नळ सोडला. मग औषध लावलं, पुन्हा पाणी मारलं, आणि मजकूर विरघळून मोरीत गेला. अशा रीतीने मुलीच्या चौथीच्या वार्षिक परीक्षेआधी माझं लग्न एकदाचं लागलं. कोरी जाळी उजेडात धरून काका अण्णांना म्हणाले, "बघ. काहीही नाही!" पण होतं. खालच्या कडेला त्यांच्या नावाचं फिकट भूत राहिलं होतं. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं निघत नाही सहजी. कॉस्टिक लावू का, असं कारागिराने विचारलं. "राहू दे," काका म्हणाले. "छापताना दिसत नाही."

त्यानंतर दोघे रोज फोनवर भांडत. विषय आयता होता, मामांच्या वर की खाली. तो शिळा झाला की स्टोअरकीपरचा हार निघे. अण्णा त्याला वाद घालून ताजा करून देत. संध्याकाळचा फोन आला नाही की अण्णा बेचैन होत आणि आला की म्हणत, "आला भांडखोर."

काका अण्णांच्या आधी गेले. ऑपरेशन अण्णांचं झालं होतं, गोळ्या अण्णांच्या चालू होत्या. काकांचं साधं डोकं दुखल्याचंही कोणाला आठवत नाही. सकाळचा चहा झाला, वर्तमानपत्र उघडलं आणि मान कलली. अण्णा पोचले तेव्हा ते वर्तमानपत्र तसंच मांडीवर होतं. अण्णांनी ते उचलून घडी केलं आणि माझ्या हातात दिलं. "त्याच्या कामाला येईल," ते म्हणाले.

उत्तरकार्याची पत्रं आता कोणी छापत नाही, मोबाईलवर जातात. भोईरशेठ ऐकेनात. "काकांचं पत्र जालीवरनंच निघनार. आनि त्याच फ्रेमवर." मजकूर मी लिहायला बसले. शोकाकुल म्हणून काकूंचं नाव घेतलं, मग अण्णांचं लिहू लागले तेव्हा अण्णा म्हणाले, "माझं नाव घालू नकोस."

"असं कसं, अण्णा? तुमचंच नाव नाही?"

"न सांगता गेला," अण्णा म्हणाले. "आता रुसायची पाळी माझी."

मी नाव घातलं. सगळ्यांच्या वर. जाळी तयार झाल्यावर उजेडाकडे धरली तेव्हा ते स्पष्ट दिसलं, आणि तळाच्या मोकळ्या जागेत ते दुसरं, फिकट. मग मी चौकट उलटी केली, फिलरमध्ये ब्रश बुडवला आणि वरची ओळ बुजवली. मागच्या बाजूने अक्षरं उलटी दिसतात. आपण कोणाचं नाव झाकतोय हे खरंच कळत नाही.

पत्रं गेली. नातेवाईकांनी विचारलंच, अण्णांचं नाव कसं गाळलं? अण्णा सगळ्यांना सांगतात, "बाळला विचारा." ती चौकट आता त्याच खिडकीच्या गजांना बांधलेली आहे. परवा अण्णा मुद्दाम नावड्याला आले. फरशीवर पडलेला मजकूर त्यांनी काठी टेकून वरपासून खालपर्यंत वाचला. स्वतःचं नाव नाही याची खात्री करून घेतली आणि समाधानाने मान हलवली.

त्यांच्या पायाशी पाण्याने भरलेली बादली होती. मी ती उचलून लांब ठेवली.